खेळाला लावलेली तीट

दगडाबाईला हे नाव कुणी हौसेनं ठेवलेलं नव्हतं. आधीची लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी तिला मुद्दाम असलं नाव दिलं. यमानंसुद्धा ऐकून तोंड वाकडं करावं आणि पुढच्या घरी जावं! ती जगली. नुसती जगली नाही, तर नवऱ्याच्या मेंढरांमागं कड्याच्या माळापर्यंत पायी फिरली आणि दोन लेकरं धडधाकट वाढवली. तेव्हा चांगल्या गोष्टीला एक काळं बोट लागलेलं असावं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अशा बाईच्या घरात मोबाइलवरचा खेळ जन्माला यावा, ही गंमतच म्हणायची. थोरला हरिओम बीडला कॉम्प्युटर शिकून वडवणीजवळच्या वस्तीवर परत आला होता. धाकटी योगिता मास्तरांची चित्रं काढून मार खात मोठी झालेली. दोघांनी मिळून 'चटकन' नावाचा खेळ केला. चार-पाच सेकंदांचे चिमुकले खेळ, एकामागून एक. निघालेल्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. मामा 'बास' म्हणायच्या आत त्याच्या पुरणपोळीवर तूप ओतायचं. भलत्याच मेंढीला प्यायला लागलेलं कोकरू ओढून काढायचं. योगिता प्रत्येक खेळ आधी आईच्या हातात द्यायची. आई हसली तर खेळ राहिला, नाही हसली तर गेला. एवढा कडक परीक्षक पुण्यात शोधूनही मिळाला नसता.

'चटकन' लोकांनी डोक्यावर घेतला. बीडच्या पेपरात बहीणभावाचा फोटो आला. पुण्यातले खेळ पारखणारे व्हिडिओवाले पोट धरधरून हसले. वाईट बोलायला एक माणूस पुढं आला नाही, आणि त्याच पावसाळ्यात योगिता तापानं फणफणली आणि दवाखान्यातून परत आली नाही. डॉक्टरांनी तापाला त्यांच्या पुस्तकातलं नाव दिलं. दगडाबाईनं दिलेलं नाव वेगळं होतं. सगळं जग पोरीकडं बघून वाहवा करत होतं, तेव्हा तीट लावायची आपण विसरलो, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

हरिओमनं पुढं वर्षभर मान वर केली नाही. योगितानं काढून ठेवलेली काही चित्रं होती, त्यांच्यावरून त्यानं एकट्यानं 'चटकन दोन' केला. पहिल्यापेक्षा खेळ दुप्पट, रंग चकचकीत, कुठं अडकणं नाही. आईनंही तो सगळा खेळून बघितला. सुरुवातीलाच योगिताचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात त्याचं.

"किती लोक खेळतील ते राहू दे, माय," तो म्हणाला. "योगिता ह्यात हाय, एवढं लोकांनी म्हणावं. मला दुसरं काय बी नको."

खेळ बाजारात आला त्या सकाळी पहिले अभिप्राय गोडच आले. हरिओम एकेक मोठ्यानं वाचून दाखवत होता. वर्षानं त्याचा चेहरा उजळला होता, आणि तो उजळलेला चेहरा बघूनच दगडाबाईला पेपरातला तो फोटो आठवला. पुन्हा तेच! पुन्हा सगळे चांगलंच बोलत होते, आणि आता घरात एकच लेकरू उरलं होतं.

ती तडक शेजारच्या शिवकन्याकडं गेली. शिवकन्या शेजाऱ्यांची सून, फोनवर बोटं चालवण्यात पटाईत.

"हरीच्या खेळाला एक वाईट शब्द लिव गं," दगडाबाई म्हणाली. "आन् चांदणी एकच दे."

"आवो मावशी, आपल्याच खेळाला? कावून?"

"तीट लावायची हाय."

शिवकन्याला पुढं काही विचारावं लागलं नाही. ती स्वतःच्या बाळाला रोज काजळाचं बोट लावायची. तिच्या फोनवर नावही भलत्याच कुणाचं होतं, दुकानदारानं फोन चालू करून देताना टाकलेलं, त्यामुळं ओळखू यायची भीती नव्हती. तिनं लिहिलं, 'खेळ बरा न्हाई.'

"एवढ्यानं काय व्हतंय? तीट दिसाया पायजे," दगडाबाई म्हणाली. "पदराखाली झाकली तर काय उपेग तिचा? लिव. पहिल्या खेळात एक हसवणारी पोरगी व्हती. ह्या खेळात ती कुठंच न्हाई. एकट्या भावाला जमलं न्हाई."

शब्द शोधावे लागले नव्हते. जिभेवर तयारच बसले होते. शिवकन्याचा अंगठा थबकला.

"मावशी, लई लागंल हो त्यांना."

"लागावं म्हणून न्हाई, टळावं म्हणून लिवायलेय. दाब."

त्या दिवशी दगडाबाई पोटभर जेवली.

पुण्यातला एक पारखी होता. त्याच्या एका व्हिडिओनं खेळ तरायचा नाहीतर बुडायचा. हरिओम त्याचीच वाट बघत होता. मायलेक दोघांनी मिळून तो व्हिडिओ लावला. पारख्यानं खेळाचा वेग वाखाणला, रंग वाखाणले, आणि मग जरा घुटमळला. "हात चालतायत, पण हसू येत नाहीये," तो म्हणाला. "आणि का येत नाही, ते मी सांगण्यापेक्षा एका खेळणाऱ्यानं लिहिलंय तेच वाचतो." त्यानं चष्मा सारखा केला आणि दगडाबाईचं वाक्य न् वाक्य वाचलं. तिच्याच बोलीत, जपून, आदरानं.

वाईट हेतूनं नाही वाचलं बिचाऱ्यानं. पण त्यानंतर जो तो तेच लिहायला लागला. पोरगी नाही, पोरगी नाही. चांदण्या भराभर गळाल्या. हरिओमनं वाचून दाखवणं सोडलं, मग ताटावर बसणं सोडलं. दगडाबाईनं स्वतःची समजूत घालून बघितली, की चला, आता नजर लागायला शिल्लक तरी काय राहिलं? पण लेकाचा पडलेला चेहरा बघून ती समजूत काही टिकेना. तिनं वाचवलेलं लेकरू तिच्या डोळ्यांदेखत वाळत होतं.

एके दिवशी तो अंगणात येऊन तिच्यापाशी बसला.

"काढून टाकतो मी हा खेळ, माय. तिचं नाव लावून असलं द्यायलाच नको हुतं. ज्यानं कुणी लिवलं, त्यानं मला पुरतं वळखलं."

दगडाबाईच्या हातातली भाजीची जुडी खाली पडली.

"काढू नगंस बाबा. ते म्याच लिवलंय."

तिनं सगळं सांगितलं. पेपरातला फोटो, पावसाळा, राहून गेलेली तीट, शिवकन्याचा फोन. सांगता सांगता ती रडत होती. "तुला कायी हू नये म्हणून रं. दुसरं काय न्हवतं माज्या मनात."

आणि हरिओम हसला! कितीतरी दिवसांनी हसला. तिचे दोन्ही हात धरून तो लहानपणीसारखा तिच्या पुढ्यात सरकला.

"मंग खोटं हाय की ते!" तो म्हणाला. "तीट म्हणून लिवलंस. उगं आपलं, तोंडाला आलं ते."

दगडाबाईनं हात सोडवून पडलेली जुडी उचलली.

"लोकांचं काय, एकानं म्हणलं की सगळेच म्हणत्यात. तू सांग मला. तू खेळलीस न्हवं? योगिता हाय न्हवं ह्यात?"

'हाय' म्हणायचं होतं, तेवढंच. उभ्या जन्मात तिनं लेकरांसाठी कमी खोटं सांगितलं नव्हतं. गुबगुबीत पोराला बघणाऱ्यांपुढं रोगट म्हटलं होतं, हुशार पोरीला मंद म्हटलं होतं. आज नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिनं खेळ आठवून बघितला, पहिल्यापासून शेवटापर्यंत, कुठंतरी कोपऱ्यात पोर दिसेल म्हणून.

"बोल की, माय."

पोर कुठंच सापडली नाही, आणि मान काही हलेना. हरिओम अजून हसतच होता, उत्तराची वाट बघत, आणि ते हसू त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना तिला समोर बसून बघावं लागलं.