माहीत नसल्याचा खण

मी एक फ्लॉपी बोलतेय. अंगानं काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ. जिथून यंत्र मला वाचतं त्या खिडकीवर कुंकवाचा डाग आहे. तो कसा पडला हे सांगितल्याशिवाय माझी शिसारी तुम्हाला कळायची नाही.

अठ्ठ्याऐंशी साली गुलबर्ग्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी आले. मालक डॉक्टर गुंडेराव. त्यांनी कॉम्प्युटर मोठ्या थाटात घेतला. फ्लॉपी मात्र एकच, मी. "आसपासच्या गावांतले सगळे रक्तदाते हिच्यातच बसवा," असं त्यांनी मालतीबाईंना सांगितलं.

मालतीबाई कॉम्प्युटरची सी भाषा शिकून आलेल्या, तान्ह्या मुलीची आई. हात कॉम्प्युटरवर आणि जीव घरच्या पाळण्यात. मला आत सरकवताना स्वतःशीच पुटपुटायच्या, "दुपट्याची घडी धड जमत न्हाई मला, आणि इथं गावंच्या गावं घडी घालायलीय."

घडी मात्र सुरेख घातली त्यांनी. रक्तगट अक्षरांत लिहिले असते तर मी दोन तालुक्यांतच भरले असते. माझ्या पोटात बारीक खण असतात. एका खणात शून्य नाहीतर एक, तिसरं काही मावत नाही. गट चारच, ए, बी, एबी आणि ओ. त्यांना दोन खण पुरले. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, त्याला आणखी एक. झालं, तीन खणांत माणसाचं रक्त! तिन्हीत शून्य असलं की ए निगेटिव्ह.

"सर, एखाद्याचं रक्त तपासलेलंच नसलं तर?" बाईंनी विचारलं. "त्याच्यासाठी एक खण ठेवू का?"

"भ्यायलात कामून एवढं? माझ्या शिबिरात न तपासलेला माणूस असतच न्हाई. जागा वाया घालवू नका."

आपला स्वभावच भित्रा, असं म्हणून बाईंनी तो खण वगळला.

पुढं दुबलगुंडी गावात शिबिर झालं. तपासायचं औषध दुपारीच संपलं. उरलेल्यांची नुसती नावं लिहून घेतली, गटाची जागा कोरी. आणि माझ्या पोटात कोरं पडलं की त्याचं शून्य होतं. शून्य, शून्य, शून्य. जवळजवळ अख्खी दुबलगुंडी ए निगेटिव्ह झाली!

असं रक्त हुडकून सापडत नाही. डॉक्टर हरखले. बाई म्हणाल्या, "सर, एवढे सगळे एकाच गटाचे कसे?"

"तिथल्या पाण्याचा गुण असंल!"

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मांडली. झेंडू, हळद, उदबत्तीची राख, नारळाच्या पाण्याचे शिंतोडे. पेढ्यानं तुपकट झालेल्या बोटानं डॉक्टरांनी मला कुंकू लावलं, नेमकं त्या खिडकीवर. शी! पण तो चिकट डाग काहीच नाही. जे तपासलं नाही त्याचीच आरती चालली होती, त्याची मला जास्त किळस आली.

त्याच दुबलगुंडीची राजूबाई पहिलटकरीण. तिचं रक्त दवाखान्यात नीट तपासलेलं, खरोखर ए निगेटिव्ह. नवरा हावगेप्पा तिला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाला होता.

"हैदराबादला कामून जायलास?" डॉक्टरांनी त्याला थांबवलं. "तुझं सगळं गाव तिच्या रक्ताचं हाय."

राजूबाईला मुलगी झाली, आणि रक्त थांबेना. हावगेप्पानं गावचे चौघे जीपमध्ये घालून आणले. प्रत्येकाचं बोट टोचलं. कुणी बी, कुणी ओ, सगळे पॉझिटिव्ह. राजूबाईला चालेल असं एकाचंही नाही.

"तुमचा गट लिहिलाय की इथं!" डॉक्टर ओरडले.

"आमचं रगत कुणी बघितलंच न्हाई की," चौघांतले राघोबा म्हणाले. "नाव लिवले, चा पाजले, जावा म्हणले."

मालतीबाई फोनकडं धावल्या. सोलापूरच्या रक्तपेढीला फोन गेला. तिकडून गाडी येईपर्यंत हावगेप्पा बायकोचे गार पाय चोळत बसला होता, आणि कुणी न सांगता मालतीबाईंनी ती ओली पोर उराशी धरली होती.

राजूबाई वाचली. चुन्यासारखी पांढरी पडली होती, पण वाचली.

मग गुंडेराव सर्वांदेखत म्हणाले, "फ्लॉपी खराब निघाली."

हावगेप्पानं मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "डाक्टरसाब, हिला बोलता येत न्हाई म्हणून व्हय?"

मालतीबाई पुढं झाल्या. "फ्लॉपी चांगली हाय, सर. 'माहीत न्हाई' म्हणायला आपण तिला जागाच ठेवली न्हाई."

तरीही डॉक्टरांनी माझ्यावर 'खराब' असं लिहून मला टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. पोटातलं ते खोटं रक्त मला पुसता येत नाही. दुबलगुंडी माझ्या पोटात आजही ए निगेटिव्हच आहे, आणि त्या खोट्याचा मला रोज उबग येतो.

मालतीबाईंनी स्वतः जाऊन नवी फ्लॉपी आणली. तिच्यात प्रत्येक माणसाच्या आधी एक जादा खण ठेवला, रक्त तपासलं असलं तर एक, नसलं तर शून्य. पहिलं नाव घालताना त्या थबकल्या, मग खुदकन हसल्या. "बघा बाई, माझंच कधी तपासलं न्हाई!" त्यांनी स्वतःचंच नाव घातलं, आणि त्या खणात ठेवलं शून्य.

शहाण्यांनो, मला पेढ्याचं बोट नको, कुंकू नको. माझ्या पोटात सगळं जग कोंबा, पण तेवढा एक खण सोडा.