जावई जिना चढला नाही

जावई असला म्हणून सासूच्या दारात उभं राहून नाकाला रुमाल लावावा, ही कुठली रीत? सुंदराबाईला चैतन्यचं बाकी सगळं चालायचं. तो बोरीवलीचा, कोळ्यांतला नाही, पापलेट खाताना काट्याला भितो, हेही तिने पोटात घातलं होतं. पण खारदांड्याच्या ज्या घरात बोंबील सुकवून तिने त्याच्या बायकोला शिकवलं, त्या घराशी आला की ह्याचा हात आधी खिशात जायचा.

बरं, नोकरी तरी अत्तराच्या दुकानात असावी. तर तीही नाही. वॉर्ड ऑफिसात, ढेकूण-झुरळं मारणाऱ्या कंत्राटदारांवर देखरेख. सुंदराबाई तोंडावर काही बोलली नाही कधी. तो यायचा म्हटलं की गुपचूप सुक्या मासळीच्या गोण्या ठेवलेल्या माळ्याची खिडकी लावून घ्यायची, कारण ती नेमकी दारावरच उघडायची.

त्या दिवशी तिनेच त्याला बोलावलं होतं. शेजारच्या अनंताने आपला माळा भाड्याने दिला होता आणि भाडेकरूंच्या गाद्यांतून ढेकूण झाले होते. सकाळी कुणी कंत्राटदार आला, खोलीत गॅसच्या गोळ्या ठेवल्या, दार-खिडकीला चिकटपट्ट्या मारल्या आणि दोन दिवस उघडू नका म्हणून निघून गेला. सुंदराबाईच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला. तिचा माळा आणि अनंताचा माळा एका भिंतीचे, एकाच पत्र्याखालचे. आणि दुपारी तिच्या माळ्यावर रोशनी झोपायची, सून मनालीची पाच वर्षांची पोर.

चैतन्यनेच एकदा जेवताना सांगितलं होतं की गोळ्यांचा गॅस असेल तर भिंतीला भिंत लागून असलेली सगळी घरं रिकामी केल्याशिवाय तो कुणाला हात लावू देत नाही, स्वतः वर चढून बघतो. तिने ते बाजारातल्या बायकांना इतक्यांदा ऐकवलं होतं की त्या तिला पाहिलं की आधीच मान डोलवायच्या.

तो जेवणं झाल्यावर आला. बाईकवरून उतरलाच नाही. मान वर करून अनंताच्या खिडकीच्या पट्ट्या बघितल्या, कंत्राटदाराला फोन लावला, हसून काहीतरी बोलला आणि सगळं सील आहे, काळजी करू नका म्हणाला. तिने विनवलं, जावईबापू, आलात तसे एकदा वर चढून बघा, पोर झोपलीय. त्याने रुमाल काढला.

"आई, वास येतोय तो तुमच्या मासळीचा," तो म्हणाला. "गॅसचा नाही."

गल्लीतल्या दोघी-तिघी हसल्या. सुंदराबाईच्या कानशिलात आग झाली. तो गेला तशी ती ताडताड जिना चढली, पोरीकडे बघितलंही नाही, खिडकी धाडकन लावली, कडी घातली आणि खाली येऊन जाळं विणायला बसली. उगाच दोनदा उठून पाणी प्यायली. रोशनी एरवी चहाच्या वेळेला आपण होऊन खाली यायची. आज हाक मारली तर ओ नाही. झोपू दे, असं स्वतःलाच म्हणाली, आणि ते तिचं तिलाच पटलं नाही.

मनाली बाजारातून आली ती उंबऱ्यातच थबकली. वर काहीतरी कुजलंय म्हणाली, लसणासारखंही काहीतरी येतंय. सुंदराबाई तिच्यावर खेकसली, की ह्या घरात मासळी कुजत नाही, तुझ्या माहेरी कुजत असेल.

"पण आई, माळ्यावर मासळी आहेच कुठे? काल सगळ्या गोण्या मीच टेम्पोत घातल्या ना."

सुंदराबाईने जाळं बाजूला टाकलं. माळा रिकामा होता. मग वास कसला? आणि तिला अनंताचं मांजर आठवलं. ते रोज त्याच्या माळ्यावरून तिच्या माळ्यावर यायचं, दाराने नाही, वरून, जुन्या जाळ्यांच्या ढिगामागून. मधली भिंत पत्र्याला टेकतच नव्हती. गल्लीत उभं राहून ते कुणालाच दिसलं नसतं.

जिना तिला कधी एवढा उंच लागला नव्हता. रोशनी चटईवर ओकलेल्यात पडली होती, ओठ निळसर, हाक मारली तर डोळे अर्धेच उघडले. सुंदराबाईने लाथेने खिडकी उघडली, पोर खांद्यावर टाकली, आणि जिन्यावरूनच अनंताच्या घराला, पलीकडच्या घराला हाका घातल्या की तान्ह्या पोरांसकट सगळे बाहेर व्हा, दारं उघडी टाका. रिक्षात मनाली रडत होती. सुंदराबाई पोरीच्या छातीवर हात ठेवून नुसती बसली होती. हात वर झाला की तिला स्वतःला श्वास यायचा.

डॉक्टरांनी विचारलं, गॅस कसला होता. तिने चैतन्यला फोन लावला. त्याला माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला. बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला, तोवर डॉक्टरांनी वासावरून ओळखून पोरीला आत नेलं होतं.

दिवेलागणीला रोशनीने डोळे उघडले आणि आजीकडे पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, अजून लक्ष ठेवावं लागेल, पण वेळेत आणलंत.

चैतन्य धावत आला तेव्हा सुंदराबाई बाकावर बसली होती, लुगड्याला ओकारी तशीच वाळलेली. बोलायला त्याने तोंड उघडलं, तिने हात वर केला.

"खिडकी मी लावली, चैतन्य. रुमालाच्या रागाने लावली. ते माझं मी बघेन. पण मी अडाणी बाई, मला वाटलं, जावई बघून गेला म्हणजे बघून गेला. तू नुसता येऊन गेलास. गल्लीतली माणसं बाहेर काढायचं काम तुझं होतं, ते मी ओरडून केलं. आता ती रस्त्यावर बसलीत, जा, त्यांना तोंड दाखव. अनंताची खोली नीट मोकळी करून घे, त्या कंत्राटदाराला पकड, आणि दर घराचा जिना स्वतःच्या पायाने चढ. माझा सगळ्यांत शेवटी. त्याआधी माझ्या दारात दिसलास, तर जावई म्हणून पाट मांडणार नाही मी तुला."