आडवी पेरणी

माझ्या बापाकडून, म्हणजे कानिफनाथाकडून, मला सोनई-घोडेगाव रस्त्याच्या अंगाची सात एकर काळी जमीन मिळाली, पीक राखणीच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक मिळाली आणि नाकावर बसलेला राग मिळाला. जमीन आणि राग मी अजून सांभाळून आहे. बंदूक का राहिली नाही, ते सांगतो.

आमच्याकडे पौषात ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर हातभर जाते. कणसात हुरडा भरला की माळावरची हरणं पहाटे त्यात शिरतात. खातात थोडं, तुडवतात जास्त. त्या काळी हरणं मारायला आजच्यासारखी बंदी नव्हती, आणि असली तरी आमच्या शिवारात विचारायला कोण येत होतं? उघड्या माळावर काळवीट तीनशे पावलांवरूनच माणूस ओळखतं आणि उधळतं. उभ्या ज्वारीत मात्र ते वीस पावलांवर येतं. पीक वाचतं, मटण मिळतं, वर गावात नाव होतं. धोका एवढाच की ज्वारीचे शेंडे हललेले दिसतात, खाली कोण आहे ते दिसत नाही.

त्यासाठी बापाने मला ठोकून ठोकून शिकवलं होतं. ज्वारीत शिरणाऱ्याने आधी "हूऽऽ" अशी हाळी द्यायची आणि बंदूकवाल्याने ओ द्यायची. आणि हाळी ऐकू आली नाही तरी शेंडे बघायचे. "तास धरून हालतं ते मानूस," बाप म्हणायचा. "तास तोडून हालतं ते जनावर." तास म्हणजे पेरणीची ओळ; दोन ओळींमध्ये जी वाट राहते, ती धरूनच माणूस चालतो. ओळी तोडत आडवा गेला तर धाटं मोडतात, आणि कुणब्याचा पाय ते करायला धजत नाही. हरणाला काय त्याचं? ते कसंही जातं.

गोष्ट एकाहत्तर सालची. त्याआधी ऐन पेरणीच्या वेळी मला हिवतापाने धरलं. रानाला पेरणीजोगा वाफसा आला होता आणि मी गोधडीत कुडकुडत होतो. माझ्या बायकोने, भागिरथीने, माझी वाट पाहिली नाही. तिने आपल्या भावाला, सहादेवला, बोलावून घेतलं. त्याने पाभर हाकली, हिने चाड्यावर मूठ धरून बी सोडलं, आणि दोन दिवसांत रान पेरून मोकळे झाले. पण पेरलं ते आडवं.

आमचं रान उगवतीकडून मावळतीकडे, ओढ्याच्या बाजूला उतरतं. बापाने आणि त्याच्या बापाने उताराला धरूनच पेरलं. या बहीणभावांनी उतार तोडून, दक्षिणोत्तर तास काढले. मी तापातून उठून बांधावर गेलो आणि माझा ताप परत चढला.

"ह्यो काय खेळ मांडलाय?" मी ओरडलो.

"पानी जिरंल," ती शांतपणे म्हणाली. "तुमी पेरता तसं पेरलं की पानी वढ्याला जातंय, जाताना माती घिऊन."

मग मी हट्टाला पेटलो. त्या रानात औत घालणार नाही म्हणालो आणि घातलं नाही. कोळपणीसुद्धा सहादेवने केली. मी खालच्या मळ्यात कांद्याला पाणी देत बसलो. आणि ज्वारी अशी आली, अशी आली, की रस्त्याने जाणारे बैलगाडी थांबवून बघायचे.

हुरड्याला शेजारचा रंभाजी आणि आणखी चौघे आले. रंभाजी कणीस चोळत म्हणाला, "मच्छिंदर, जवारी लई जोरात हाय. आडवी पेरनी फळली म्हनायची." भागिरथी माझ्या मागेच चटणीची ताटली घेऊन उभी होती, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "पेरनीत काय असतंय? शेनखत माजं हाय, पन्नास गाड्या." तिने ताटली खाली ठेवली आणि निघून गेली. त्या घटकेपासून आमचा अबोला.

अबोला म्हणजे घर मुकं झालं असं नाही. ती म्हशीशी बोलायची. "पानी तापलंय गं बाई, कुनाला आंघुळ करायची आसंल तर करा." मीही म्हशीलाच उत्तर द्यायचो. म्हैस बिचारी आळीपाळीने दोघांकडे बघायची. सकाळची न्याहारी पूर्वी भागिरथी स्वतः रानात घेऊन यायची, आता ती कामाला येणाऱ्या दगडाबाईच्या हाती पाठवू लागली. असे अकरा दिवस गेले. मला करमत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण आधी कोण बोलणार? मी तर नाहीच.

बाराव्या दिवशी पहाटे उत्तरेच्या बांधावरून एक काळवीट आणि तीन माद्या ज्वारीत शिरताना मी पाहिल्या. रंभाजीला आदल्याच दिवशी फुशारकीने सांगून बसलो होतो की उद्या सांजच्याला मटण खायला ये. बंदूक ठासली आणि दक्षिणेच्या बांधावर बोरीखाली जाऊन बसलो. वारा पडलेला होता. दव हळूहळू वाळत होतं. एक होला बोरीवर येऊन घुमत राहिला, आणि मला बरं वाटत होतं. हरणाची वाट बघण्यात जे सुख आहे ते मारण्यात नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पाभर वळवायची जागा रानाच्या टोकाला मोकळी राहते, म्हणून शेवटी तिथे चार तास बाकीच्या तासांना आडवे मारतात. ते चार तास माझ्या डोळ्यांपुढे होते. उगवती-मावळती, थेट बापाच्या वेळेसारखे. पेरणी आडवी आहे हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं, पण त्या रानात मी चार महिने पाऊल टाकलं नव्हतं. डोळ्यांना जुनंच रान दिसत होतं.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा शेंडे हलले. उत्तरेकडून माझ्याकडे, सरळ रेघेत, सावकाश. माझ्या हिशेबाने तास तोडून. मी श्वास धरला. हलणं जवळ आलं, पंचवीस पावलांवर थांबलं. मी वाकून पाहिलं. पानांच्या फटीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर काहीतरी तपकिरी दिसलं. जनावर बाहेर येईपर्यंत थांबायला हवं होतं. बापाने तेही शिकवलं होतं. पण मला रंभाजीचं हसू दिसत होतं. मी चाप ओढला.

धुरातून आवाज आला तो मडकं फुटल्याचा.

माझ्या डाव्या हाताने, ज्वारीच्या भलत्याच कोपऱ्यातून, काळवीट उसळून बाहेर पडलं आणि माद्यांना घेऊन ओढ्याकडे गेलं. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हरणाजवळ मडकं नसतं. मी बंदूक टाकून ज्वारीत घुसलो. ते चार तास मोडले, की पुढे रान माझ्यापुढे मोकळं झालं. तास सरळ माझ्या पायाखालून उत्तरेला जात होते. तेव्हा मला कळलं. जे आलं होतं ते तास धरून आलं होतं.

भागिरथी खाली बसली होती. पाय पुढे, हातात बाभळीचा काटा. तिच्यापासून दोन हातांवर न्याहारीची पाटी होती, वर पांघरलेलं तपकिरी घोंगडं चाळणी झालेलं. ताकाचं मडकं फुटून ताक मातीत जिरत होतं. काटा मोडला म्हणून तिने पाटी खाली ठेवली होती आणि बाजूच्या तासात सरकून बसली होती. ती पाटीपाशीच बसली असती तर ही गोष्ट मी आज कुणाला सांगितली नसती.

मी तिचे हात, खांदे, तोंड चाचपून पाहिलं. कुठे काही लागलेलं नव्हतं. मी तिथेच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

ती सांडलेल्या ताकाकडे बघत होती. मग म्हणाली, "हाळी द्याया पायजे हुती मी."

"मग का न्हाई दिलीस?"

"हाळी म्हंजी बोलनंच की. मी आधी बोलल्यावानी झालं आसतं." हातातला काटा फेकून ती म्हणाली, "दगडाबाई आज आली न्हाई, म्हनून मला यावं लागलं."

आम्ही ती भाकरी खाल्ली. दोन ठिकाणी दाताखाली छर्रे आले. ते तिने माझ्या तळहातावरून उचलून पदराच्या गाठीत बांधले.

सांजेला रंभाजी कांदे आणि मसाला घेऊन हजर. मी खालमानेने सांगितलं की काळवीट गेलं. आतून भागिरथी म्हणाली, "गेलं कसं? मडकं मारलंय की. रस्सा व्हतोय का बगा." रंभाजीला काही कळलं नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या तोंडाने. तो कांदे तिथेच ठेवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दगडाबाई कामावर आली. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, त्यात ती दिसली आणि माझा वारसा उफाळून आला. "काल कुठं मेली हुतीस? तू न्याहारी आनली आसतीस तर तिला यावं लागलं नसतं. तू तास धरून गात येतीस, मला कळलं आसतं."

दगडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवो, आले हुते की मी. पाटी डोक्यावर घिऊन निघाले बी हुते. भागिरथीबाईंनी उतरून घेतली. म्हनल्या, ऱ्हाऊ दे, आज मीच जाते. लई दिस झालं, मानूस बारीक दिसाया लागलंय."

मी घरात गेलो. बंदूक घेतली, सायकल काढली आणि तालुक्याला जाऊन परवान्यासकट जमा करून आलो.

परत आलो तेव्हा दुपार होती. भागिरथी रानाच्या मधोमध, मचाणासारख्या माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं राखत होती. मी बांधावर थांबलो आणि हाळी दिली. "हूऽऽ!"

लगेच वरून आलं, "ओऽऽ!"

मी तास धरला आणि आत शिरलो. पण माळ्यापर्यंत पोहोचायचाही धीर निघाला नाही. मधेच उभा राहिलो आणि पलीकडच्या रानात रंभाजीला, त्याच्या बैलांना, रस्त्यावरच्या गाड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "भागिरथेऽऽ! आडवी पेरनी फळली गंऽऽ!"

क्षणभर गोफण थांबली. मग ती म्हणाली, "आजून एकदा वरडा. पाखरं उठत्यात."

मी परत ओरडलो.