शांततेचे लाभार्थी

कुठं काही नवीन बांधायचं ठरलं की इंजिनिअर लोकांच्या आधी मला पाठवतात. माझं काम माणसं शोधायचं. या बांधकामामुळे कोणाचं काय जाणार, कोणाला काय मिळणार, हे दारोदार फिरून विचारायचं आणि त्या सगळ्यांना एका सभागृहात आणून बसवायचं. कागदोपत्री त्यांना हितसंबंधी म्हणतात. प्रत्यक्षात ते माझ्यावर खेकसणारे लोक असतात. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. खेकसणारा माणूस निदान माझ्याकडे बघून बोलतो. कामावरून भाड्याच्या खोलीवर परतले की तेवढंही कोणी करत नाही.

या वेळी बसस्थानक होतं. गावाच्या मधोमध असलेलं जुनं स्थानक हलवून बाहेरच्या रस्त्याला नवं बांधायचं आणि जुन्या जागेत वाहनतळ करायचा. हितसंबंधी शोधायला डोकं खाजवावं लागलं नाही. चहावाले, फळवाले, हमाल, रिक्षावाले, झाडून सगळ्यांनी पहिल्याच भेटीत माझा उद्धार केला. स्थानकासमोरच्या इमारतींत राहणाऱ्यांकडे मी सगळ्यांत शेवटी गेले, कारण ते सोपं काम होतं. हॉर्न, धूर, पहाटेपासून कर्ण्यावर चालणाऱ्या घोषणा, ही सगळी कटकट त्यांच्या मागची सुटणार होती. आम्ही त्यांना लाभार्थ्यांत घातलं आणि मोकळे झालो.

पहिल्याच बैठकीत मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. जुन्या स्थानकासमोर दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. पूर्वी शिवणकाम करायचे, म्हणून सगळे त्यांना टेलरकाका म्हणत.

"माझं नुकसान होणार आहे," ते म्हणाले. म्हणाले कसले, ओरडलेच.

"दुकान आहे का तुमचं, काका?" मी विचारलं.

"दुकान कधीच बंद केलं. बारीक टाका दिसेना."

"मग घर जातंय?"

"घराला कोण हात लावतंय!"

"मग नुकसान कशाचं?"

"गाड्या जाणार ना इथून!"

सभागृहात हशा पिकला. फळवाला म्हणाला, "काका, एखादी घरी घेऊन जा, गॅलरीत उभी करा." टेलरकाकाही हसल्यासारखं करून खाली बसले. त्यांचं ते हसणं मला बघवेना. बैठक संपल्यावर मी त्यांच्या मागोमाग जिना चढले.

खोली लहान आणि लख्ख होती. शिवणयंत्र खिडकीला लावून ठेवलेलं, त्याच्यावर धुतलेलं फडकं. खिडकीपाशी खुर्ची एकच. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगावर बसले. खाली गाड्यांचा एवढा गोंगाट होता की आम्ही दोघंही ओरडूनच बोलत होतो. त्यांचा मोठा आवाज कुठून आला ते तेव्हा कळलं.

"बायको गेली, तेव्हा मुलगा म्हणाला, इकडे या," त्यांनी सांगितलं. "गेलो. चांगलं घर आहे त्याचं. सून चांगली. पण दोघं सकाळी कामावर जायची आणि खिडकीतून समोर नुसती भिंत दिसायची. पळून आलो म्हणा ना."

"आणि इथं?"

"इथं कोणी ना कोणी येतंय, जातंय, भांडतंय. तो बघा, निळा शर्ट. नोकरीच्या मुलाखतीला चाललाय. पँट नवी आहे, पण खालची दुमड घरीच हातानं घातलीय. आईनं घातली असणार. संध्याकाळी परत येताना तोंड कसं आहे ते बघीन." ते माझ्याकडे वळले. "बघायचं एक वेळ राहू द्या, मॅडम. सकाळी कर्णा सुरू झाला की मी उठतो. तो नसला, तर उठायचं कशासाठी?"

मी त्यांचा फोन नंबर घेतला आणि उद्या साहेबांशी बोलते म्हणाले.

आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. लोकांची भरपाई अडली तर ते वरच्यांशी तावातावानं भांडतात. पण त्यांच्या लेखी नुकसानीचे प्रकार तीनच: जमीन, घर, धंदा.

"यातलं त्यांचं काय जातंय?" त्यांनी विचारलं.

"सोबत जातेय."

"अहो बाई, सोबतीची भरपाई कशी करायची? त्यांच्या खोलीत भोंगा बसवून देऊ?"

"निदान गावातल्या गावात फिरणाऱ्या बसचा एक थांबा तरी तिथं ठेवा."

साहेबांनी इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअर म्हणाला, वाहनतळाचं फाटकच तिथं येतंय. पुढच्या दोन बैठकांत मी तोच विषय काढला, तेव्हा लोक घड्याळाकडे बघायला लागले. हमालांना नवी जागा मिळाली, फळवाल्यांना गाळे मिळाले, ते सगळे भांडून भांडून खूश झाले. माझी डाळ शिजली नाही. टेलरकाका लाभार्थीच राहिले.

स्थानक हललं. त्यानंतर पाठपुराव्याची भेट असते. लाभार्थ्याला फायदा झाला का, हे त्याच्या तोंडून ऐकायचं. मी जिना चढले, तर पायऱ्यांवर माझ्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. काकांनी दार उघडलं. "या या, मॅडम!" सवयीनं ते ओरडले आणि स्वतःच दचकले. मग हळू आवाजात म्हणाले, "बसा."

खुर्ची आता खिडकीपाशी नव्हती. दाढी वाढली होती. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी.

"आवाज कमी झाला का, काका?" मी विचारलं. मला तेच विचारायचं होतं, दुसरं काही विचारायची सोयच नव्हती.

"झाला की."

"झोप लागते?"

"दिवसासुद्धा लागते," ते म्हणाले.

मला स्वतःच्या नोकरीची किळस आली. त्यांनी चहा केला. तो पिताना दोघांच्या घोटांचा आवाज ऐकू येत होता. मी उठले, तसे ते लगेच म्हणाले, "अजून एक घेता का?" मी थांबले नाही. साहेबांकडे बैठक होती.

काही दिवसांनी माझी पुढच्या कामावर रवानगी झाली. बॅगा घेऊन मी नव्या स्थानकावर आले, तर काचेच्या दारापाशी टेलरकाका आणि रखवालदार यांची जुंपलेली. काकांनी दाढी केली होती, सदऱ्याला कडक इस्त्री होती. गाड्यांच्या आवाजात त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढला होता.

"रोज येतात हो हे," रखवालदार माझ्याकडे बघून म्हणाला. "तिकीट नाही, कुठं जायचं नाही. नुसतं आत बसून बघायचंय म्हणतात! इथं काय तमाशा लागलाय?"

नियम असा होता की आत फक्त प्रवासी, आणि प्रवाशासोबत सोडायला आलेलं एक माणूस. हा नियम आमच्याच बैठकीतला. चोऱ्या होतात अशी प्रवाशांची तक्रार होती आणि सगळ्यांनी हात वर करून तो मान्य केला होता. सगळ्यांनी, म्हणजे ज्यांना आम्ही विचारलं त्यांनी.

"मला सोडायला आलेत ते," मी म्हणाले.

रखवालदारानं डोळे बारीक केले. "तुम्ही कोण त्यांच्या?"

मी अडखळले. काका अडखळले नाहीत. "भाची आहे माझी," ते गरजले, "आणि उगाच खोळंबा करू नकोस, तिची गाडी चुकेल!" एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली जड बॅग ओढून घेतली आणि दार ढकलून आत शिरले.

आत शिरल्यावर ते क्षणभर उभेच राहिले. कर्ण्यावर घोषणा चालली होती, एक बाई जागेवरून नवऱ्याला झापत होती, कुणाचं तरी पोर रडत होतं. काकांनी ते सगळं डोळे भरून पाहून घेतलं. मग एकदम कामाला लागले. माझी गाडी त्यांनीच शोधली, खिडकीची जागा धरली, बॅग वर चढवली.

"पाणी घेतलंस?"

"घेतलंय."

"पर्स मांडीवर ठेव. झोप लागली तरी पट्टा हाताला गुंडाळलेला बरा." मॅडम कधी गळालं आणि तू कधी आलं, ते त्यांनाही कळलं नसावं. दुसऱ्या मजल्यावरून त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांचे निरोप पाहिले होते. आज ते स्वतः खाली गाडीपाशी उभे होते.

मी किती गावं सोडली, पण गाडीपाशी माझ्यासाठी कोणी उभं राहिलेलं मला आठवत नव्हतं. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालले.

"पोचलीस की फोन कर गं!"

मी मान हलवली. उद्या तो रखवालदार त्यांना पुन्हा दारातच अडवणार होता आणि उद्या मी नसणार होते. दिवसभर गाडीत मला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी नव्या गावातल्या भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडलं, बॅगा दारातच टेकवल्या आणि नंबर लावला. पहिली घंटा पूर्ण वाजायच्या आत त्यांनी फोन उचलला.

"पोचलीस?"

"पोचले, काका."

"बरं झालं."

त्यापुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना, आणि फोन दोघांनीही ठेवला नाही.