मागची पंगत

माणूस ताटावर कसा बसतो यावरून त्याला भूक किती आहे ते मी सांगते. घरून वाईट पत्र आलं म्हणून कोण जेवत नाही, कोण बाहेर वडापाव चापून आलाय, कोण तिसरी भाकरी मागायला लाजतोय, सगळं मला तव्यावरून मान न वळवता कळतं. काळाचौकीत खाणावळ चालवणं म्हणजे काही गंमत नाही. आणि त्याच खाणावळीत माझ्या पोटची पोर आठ महिने माझ्या डोळ्यांसमोर उपाशी राहिली, ते मला कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. कुणी मला बोल लावला नाही, पण मी स्वतःला लावते आणि त्यासाठी मला कुणाची परवानगी नको.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. शेवंती, म्हणजे आमची शेवू, तेव्हा अठराची होती. कॉलेजातून आली की ओढणी कमरेला खोचून वाढायला उभी राहायची. बांगड्याचं डोकं कुणाला लागतं, सार कुणाला पातळ हवं, सगळं तिला पाठ. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "बकुळावहिनी, पोरगी अन्नपूर्णा हो तुमची!" मी फुगायची. तिला जेव म्हटलं की ती म्हणायची, "मी मागच्या पंगतीला बसेन, आये." मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मी स्वतः तेच म्हणत आले होते.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला तेव्हा जेवणारे तेवढेच राहिले आणि टोपातला भात निम्मा झाला. सगळ्यांना वाढून तळ दिसला की मी म्हणायची, तुम्ही उठा, मी मागच्या पंगतीला बसते. ती पंगत म्हणजे मोरीपाशी उभ्याने खाल्लेली खरवड आणि वर तांब्याभर पाणी. शेवूचे बाबा, लवू परब, कधी मागे डोकावले नाहीत. बायको जेवली म्हणते म्हणजे जेवली. पुढे संप विरून गेला, गिरणीने ह्यांना परत घेतलं नाही, ते वॉचमनकी करू लागले आणि खाणावळीत पुन्हा पोटभर शिजायला लागलं. मी मात्र कुणासोबत ताटावर बसले नाही. सवय झाली होती. आणि खरं सांगू, मी ते मिरवायचेही. संपाच्या गोष्टी निघाल्या की ही गोष्ट मीच सांगायची, शेवू ऐकायची.

दिवाळीनंतर एका दुपारी शेवू आमटीचं भांडं घेऊन वाकली ती सरळ खाली कोसळली. कुशाबा जवळच बसला होता. गिरणीत साच्यावर आयुष्य काढलेला, आमचा सगळ्यांत जुना जेवणारा. त्याने तिला उचललं आणि त्याचा चेहरा उतरला. "बकुळाबाय," तो म्हणाला, "पोरीत वजनच न्हाई." मी तिची ओढणी बाजूला केली. त्या ढगळ ड्रेसच्या आत काय उरलं होतं ते मी लिहिणार नाही.

परळच्या मोठ्या इस्पितळात तिला दोन आठवडे ठेवलं. तिथे मानसोपचाराच्या डॉक्टर चिंतामणी होत्या. आवाज बारीक, पण बाई ठाम. जेवणाशी असं वैर धरलेल्या मुलामुलींसाठी त्या दर गुरुवारी एक वेगळी खोली चालवायच्या. सोबतीला एक आहारतज्ज्ञ, एक समाजसेविका आणि त्या मुलांचे आईबाप. मी आधीच सांगून टाकलं, "डॉक्टर, नखरे आहेत हे. दोन दिवस मला द्या, सरळ करते."

"टायफॉइड झाला असता तर सरळ केली असती?" त्यांनी विचारलं. "हा आजार आहे, बकुळाताई. भूक तिला लागते, पण तिचं डोकं तिला खाऊ देत नाही."

"कशामुळे झाला?"

"एकच कारण नसतं. दोष कुणाचा ते शोधत बसू नका, आपल्याकडे वेळ कमी आहे. तिचं हृदय थकलंय. आता अन्न हेच औषध आणि ते देणार घरची माणसं. तीन आठवड्यांत वजन चढलं नाही तर पुन्हा वॉर्डात, नाकातून नळी."

"आणि त्यानेही नाही झालं तर?"

त्यांनी मला खोटं सांगितलं नाही. "काही मुली जातात," त्या म्हणाल्या.

पहिल्या गुरुवारी त्यांनी घरचं जेवण घेऊन यायला सांगितलं. सगळ्यांनी तिथेच, त्यांच्यासमोर जेवायचं. मी काय कमी करते! भाकरी, सुरमईचं सार, भात, सोलकढी, असा मोठा डबा नेला. शेवूला वाढलं, ह्यांना वाढलं, डॉक्टरांना वाढलं, दाराशी उभ्या असलेल्या आयाबाईंच्या हातावरही भाकरी ठेवली.

"तुमचं ताट?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचं होऊ दे. मी मागच्या पंगतीला बसते."

शेवूने झटकन मान वर केली. चोराने चोराला ओळखावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"बसा," डॉक्टर एवढंच म्हणाल्या.

मी बसले. घास केला, तोंडात घातला, पण तो काही खाली उतरेना. चार माणसं समोर आणि मी आयतं बसून खातेय, याची मला भयंकर लाज वाटली. मी, बकुळा परब, जिने हजारो माणसं जेवू घातली, तिला एक घास गिळता येत नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा शेवू हळूच म्हणाली, "आये, होतं असं. घाई नको करू. पाणी घे. एक घास तू, एक मी."

त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली. मीही अर्धीच.

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी वेळा लिहून दिल्या होत्या. दुपारचं जेवण ठोक बाराला, आणि मी तिच्या शेजारी बसून जेवायचं. बारालाच तर खाणावळ भरायची! मी दारावर पाटी लावली: जेवण साडेबारानंतर. पहिल्याच दिवशी कुरियरवाला एक पोऱ्या तडकला, "काय आंटी, खाणावळवाली पहिले जेवणार आणि पब्लिक बाहेर उभी? ये क्या सिस्टम है?"

कुशाबा दारात आडवा उभा राहिला. "आमी संपात दीड वरीस थांबलो," तो म्हणाला. "तुला अर्धा तास दम न्हाई व्हय रं?"

त्या दिवसापासून पंधरा-वीस माणसं गपगुमान जिन्यावर बसून राहायची. आत आम्ही दोघी जेवायचो. एका भाकरीला तास लागायचा कधी, साडेबाराचा एक व्हायचा, पण कुणी दार वाजवलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी वजन खाली आलं होतं. मला पटेना. घरी येऊन शोधलं तर तुळशीच्या कुंडीत, मातीखाली, भाकरीचे तुकडे. माझं डोकं फिरलं. हात उगारला मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू?

"मार!" शेवू ओरडली. "मला आवडतं वाटतं तुला हे? डोक्यात सारखं कुणीतरी म्हणतं, पुरे, ऊठ, लाज नाही वाटत खायला? तुला कसं जमलं संपात? तू तर हसत राहिलीस उपाशी!"

"हसत?" माझा हात खाली आला. "अगो, मला भूक लागायची! मोरीत तोंड घालून रडायची मी. कुणीतरी मागे येऊन बघावं असं रोज वाटायचं. कुणी आलं नाही. पुण्यबिण्य काही नव्हतं गो त्यात. ते मी मागाहून लावलं, जिवाला बरं वाटावं म्हणून."

सोळा वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दारात शेवूचे बाबा उभे होते. कधीपासून होते देव जाणे. ते नुसते डोळे पुसत उभे राहिले. पण दुसऱ्या दिवशी ठोक बाराला ह्यांनी पंचा कमरेला गुंडाळला, आम्हा दोघींना बसवलं आणि म्हणाले, "आज मी वाढतलंय." भात सांडला, साराचा ओघळ पार माझ्या लुगड्यापर्यंत आला. मी हसले, शेवू हसली आणि हसता हसता तिने भात संपवला.

तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरांनी तिला काट्याकडे पाठ करून उभं केलं. आकडा तिला दिसू द्यायचा नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, श्वास घेत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि त्या हसल्या. चढलं होतं! मी अशी किंचाळले की बाहेरची नर्स धावत आली. तिला वाटलं कुणी गेलं. मी त्या नर्सला मिठी मारून गरगर फिरवलं. नळी टळली होती, पोर माझी घरीच राहणार होती.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. दोन वर्षं लागली. मधे कुंडीही दोनदा उकरावी लागली. पण मी एक दिवसही तिला एकटीला ताटावर सोडलं नाही आणि तिने मला. माझ्या अंगावरही मांस चढलं. चाळीतल्या बायकांनी टोमणे मारले, मी ते भाकरीसोबत खाल्ले.

मग एकदा डॉक्टर चिंतामणींनी विचारलं, गुरुवारच्या खोलीतली दोन-तीन घरं महिन्यातून एकदा तुमच्याकडे जेवायला पाठवू का? मी म्हटलं, विचारता काय! तेव्हापासून महिन्यातला एक रविवार त्यांचा. हे वाढतात, कुशाबा दार सांभाळतो.

परवाच्या रविवारी घोडपदेवहून एक मुलगी आली, वडिलांच्या मागे लपत. मनगटं नुसती काड्यांची. आली तशी तिने ह्यांच्या हातातला डाव घेतला. "काका, मी वाढते सगळ्यांना," ती गोड हसून म्हणाली. "मी मागच्या पंगतीला बसेन."

मी तव्यापाशी होते. मी भाकरी तव्यावरच सोडली. पण मी वळायच्या आत शेवू उठली होती. गाल भरलेले, बोटांना सार लागलेलं. तिने त्या मुलीच्या हातातून डाव काढून घेतला.

"मागे काही नसतं गं," ती म्हणाली. "मी जाऊन आलेय. ये, माझ्या शेजारी बस. एक घास तू, एक मी."

मुलगी उभीच राहिली. शेवू तिचा हात धरून थांबली. बाहेर जिन्यावर नेहमीची माणसं वाट बघत बसली होती. शेवटी ती बसली. शेवूने तिच्यासमोर ताट सरकवलं आणि मान वळवून मला हाक मारली.

"आये, तुझं ताट थंड होतंय."

मी गॅस बंद केला आणि बसले.