थोरलीच्या उलट्या

पोटात राहणारच नसेल, तर खायचं कशाला? थोरलीला मी कितीदा विचारलं. ती मिशा पुसायची आणि दुसरीकडे बघायची. आता विचारायला तीही नाही.

मी या घरातला धाकटा बोका बोलतोय. थोरली माझी सख्खी बहीण नव्हे. मला कुणीतरी जिन्यात टाकून गेलं, तेव्हा तिनेच मानगूट धरून आत ओढलं आणि आपल्या बशीपुढे बसवलं. मी तुटून पडलो. ती उपाशी बघत राहिली. तेव्हापासून ती माझी ताई.

आमची मालकीण कपडे शिवते. खिडकीपाशी मशीन, मशीनखाली चिंध्यांचा ढीग. तिचे वडील खाटेवर बसून काजं-बटणं करतात.

गेल्या वर्षी थोरलीचं बिनसलं. खायची, चार पावलं चालायची, मग मान खाली, पोट आत-बाहेर, आणि सगळं जमिनीवर. बशीतले दाणे जसेच्या तसे.

"केसांचा गोळा असेल," मालकीण म्हणायची.

"म्हातारपण गं," आजोबा म्हणायचे. "माझं तरी कुठं पचतंय? मी ओकत नाही एवढंच."

दोघं हसायची. फडकं फिरलं की विषय संपला.

मग एकदा ती गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सॅटिनवर ओकली. मालकिणीने कात्री आपटली. "पुन्हा असं केलंस तर गच्चीवर नेऊन सोडीन. राहा तिथंच!"

रागाचं बोलणं कुठलं आणि खरं कुठलं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी घाबरलो.

त्या दिवसापासून थोरली ओकली की मी धावायचो. जमेल तेवढं खाऊन टाकायचो, उरलेल्यावर पंजाने चिंध्या ओढायचो. आठवड्याने ढीग न बघताच पोत्यात जायचा.

"बाबा, हिच्या उलट्या थांबल्या बघा," मालकीण म्हणाली. मला केवढा अभिमान वाटला!

थोरली वाळत चालली. तरी बशीपाशी सगळ्यांच्या आधी हजर. "भूक तर चांगली आहे," म्हणून सगळे निर्धास्त. एक दिवस खिडकीवर उडी मारताना ती कोसळली, तेव्हा कुठे तिला डॉक्टरकडे नेलं.

मालकीण परत आली ती रडतच. "उशीर झाला म्हणाले. उलट्या सुरू झाल्या तेव्हाच आणायला हवं होतं. मी सांगितलं, त्या तर कधीच थांबल्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरली गेली.

थोरलीला ठेवायच्या खोक्यात अंथरायला मालकिणीने मशीनखालच्या चिंध्या उचलल्या. त्या खालून कडक झाल्या होत्या, दाणे चिकटलेले. "बाबा, थांबल्याच नव्हत्या हो."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी चप्पल फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

तुमच्या घरचं म्हातारं मांजर जेवल्यावर सारखं ओकत असेल, तर नुसतं पुसू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि त्याच्यावर ओरडू नका. ऐकणारा माझ्यासारखा मूर्ख असतो.

मालकीण झाकण लावायला वाकली. मी खोक्यात उडी मारली.

"असू दे," आजोबा म्हणाले. "थांब जरा."

थोरलीच्या ओठांवर पिवळा फेस सुकला होता. तो मी चाटून काढला. मग कान, मग पाठ, पार शेपटीच्या टोकापर्यंत. मग मी बाहेर आलो.