दक्षिणेला चालत राहा

जाकार्तात वाट चुकली तर काय करावं, हे मी सत्तावीस वर्षं सरकारी खर्चाने लोकांना सांगत आलो. माझी पुस्तिका खिशात मावते. तिच्या चौदा आवृत्त्या निघाल्या. पाणी कुठलं प्यावं इथपासून पाकीट कुठल्या खिशात ठेवावं इथपर्यंत तीत सगळं आहे. माझ्या माहितीप्रमाणे ती आजवर एकाच माणसाच्या जिवावर उठली. तो माझा मेहुणा.

पोनिमानदादा म्हणजे माझ्या बायकोचे, वार्तिनीचे, थोरले भाऊ. वय शहात्तर. राहणार जावाच्या दक्षिण किनाऱ्याकडे, यॉग्याकार्ताच्या खाली, बांतुलकडच्या एका खेड्यात. राजधानी कधी पाहिली नव्हती. "बहिणीचं घर एकदा बघतो आणि मरतो," असं म्हणत आले. वार्तिनी म्हणाली, "आधी बघ तरी. मग ठरव."

सकाळच्या गाडीने उतरले तेव्हा आभाळ गच्च होतं, पण खाली क्षितिज धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि लांबवर एक निळा डोंगर दिसत होता. दादा स्टेशनच्या पुलावरच थांबले.

"अरे नासिरून, मेरापी इथूनही दिसतो की!"

मेरापी हा ज्वालामुखी त्यांच्या गावाच्या उत्तरेला. तो पाचशे किलोमीटर मागे राहिला होता. समोरचा डोंगर सालाक, आणि तो आमच्या दक्षिणेला. मी म्हणालो, "हो ना."

आता हे "हो ना" माझं नव्हे. मी मूळचा इथला, बेतावी. आमच्यात बापसुद्धा चुकला तर भर लग्नात सांगतात. पण वार्तिनीच्या माहेरी थोरल्या माणसाची चूक दाखवणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं. अडतीस वर्षांच्या संसारात मीही सभ्य होऊन बसलो होतो.

त्याच दुपारी दादांनी बाहेरच्या खोलीत चटई अंथरली आणि फ्रिजकडे तोंड करून नमाज पढले. मक्का आमच्याकडून पश्चिमेला. फ्रिज पूर्वेला. बाहेर पाऊस पडत होता, मशीद लांब, त्यामुळे दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. मी वर्तमानपत्र जरा वर धरलं. असे तीन दिवस गेले. नमाजाच्या वेळी फ्रिज उघडायचा नाही, एवढी काळजी मात्र मी घेतली.

उरलेल्या वेळात दादा माझी पुस्तिका वाचत. तीनदा वाचली. "छापलंय म्हणजे चार शहाण्यांनी तपासलेलं असणार," म्हणाले. मी मान डोलावली. ती मी एकट्यानेच तपासली होती.

चौथ्या दिवशी तीनच्या सुमाराला पाऊस थांबला. वार्तिनीने दादांसाठी आणलेला नवा शर्ट बाहेर काढला. हिरवागार.

"समुद्राकडे नाही ना जायचं?" दादांनी विचारलं. त्यांच्या गावापुढचा दक्षिणेचा समुद्र राणीचा आहे, आणि हिरवं घालून किनाऱ्यावर गेलेल्या माणसाला राणी ठेवून घेते. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"छे रे. जुन्या शहराच्या चौकात जायचंय. कॉफी पिऊ आणि परत येऊ," वार्तिनी म्हणाली.

चौकात भाड्याच्या रंगीत सायकली होत्या, त्यांच्याबरोबर रंगीत टोप्या होत्या. वार्तिनीने मला गुलाबी टोपी घालायला लावली आणि फोटो काढला. फोटो नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. वळून बघितलं तर दादा नव्हते.

पहिली दहा मिनिटं आम्ही हसत शोधलं. पुढची दहा मिनिटं हाका मारत शोधलं. मग वार्तिनीने माझा हात धरला.

"फोन नाही त्याच्याकडे," ती म्हणाली. "आणि संध्याकाळ झाली की त्याला दिसत नाही. मोतीबिंदू आहे. पुढ्यातलं माणूस ओळखत नाही तो."

मला तिसरीच गोष्ट आठवत होती. आज पौर्णिमा होती. उत्तरेकडच्या वस्तीत संध्याकाळी भरतीचं पाणी शिरणार, असं सकाळी रेडिओवर सांगितलं होतं. तिथली जमीन समुद्राहून खाली गेलेली आहे. पाणी समुद्र अडवणाऱ्या भिंतीखालून येतं, गटारातून येतं, आणि एकदा आलं की गल्ली कुठे संपते आणि कालवा कुठे सुरू होतो ते चांगल्या डोळ्यांनाही कळत नाही. दर पावसाळ्यात एखादा तरी जातो. पण उत्तरेला दादा कशाला जातील? मी निश्चिंत होतो. निश्चिंत म्हणजे घाम फक्त पाठीलाच आला होता.

"पुस्तिका आहे त्यांच्या खिशात," मी म्हणालो. "पान नऊ. वाट चुकलात तर घाबरू नका, दक्षिणेला चालत राहा, मोठा रस्ता लागतोच. ते दक्षिणेलाच गेले असणार."

तरी मी पान सातही पाळलं. आमच्या शहरात रस्ता विचारला तर "माहीत नाही" असं कुणी म्हणत नाही. पाहुण्याला रिकाम्या हाताने परत पाठवल्यासारखं वाटतं. म्हणून मी लिहून ठेवलंय: तिघांना विचारा, दोघांचं जुळेल तिकडे जा.

सरबतवाल्याने अंगठा दक्षिणेला दाखवला. "हिरवा शर्ट ना, पाक? आत्ताच गेले." ('पाक' म्हणजे काका; बाईला 'बू' म्हणतात.) फुगेवाल्याचा अंगठाही दक्षिणेला. सायकली भाड्याने देणारी बाई मात्र म्हणाली, "म्हातारबाबा? ते तर तिकडे गेले, उत्तरेला, बंदराकडे. मी हाक मारली, तर मलाच पुस्तक दाखवलं."

दोन विरुद्ध एक. आम्ही दक्षिणेला गेलो.

चिनी वस्तीतल्या औषधांच्या दुकानांतून, देवळाच्या धुरातून, तळलेल्या डंपलिंगांच्या गाड्यांमधून आम्ही तासभर फिरलो. हिरवं काही दिसलं की वार्तिनी धावायची. एकदा छत्री निघाली, एकदा पालेभाजीचा हारा. साडेपाचला ती एका दुकानाच्या पायरीवर बसली.

"संध्याकाळचा नमाज चुकणार त्याचा," ती म्हणाली. "आयुष्यात चुकवला नाही त्याने."

तेव्हा माझ्या डोक्यात फ्रिज उभा राहिला.

"वार्तिनी," मी म्हणालो, "दादा आपल्याकडे नमाज कुणीकडे तोंड करून पढतात, तू पाहिलंस?"

ती चपलेचा पट्टा नीट करत बसली.

"फ्रिजकडे," शेवटी म्हणाली.

"तुलाही दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. पण थोरल्या भावाला सांगायचं कसं? मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही बेतावी."

"मी सुधारलोय."

"नेमके आत्ताच सुधारलात?" ती उभी राहिली आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. "अहो, पश्चिमेला तोंड केलं की आमच्या गावी उजव्या हाताला डोंगर येतो. तो इथला डोंगर उजव्या हाताला धरून उभा राहतो. त्याच्यासाठी डोंगर म्हणजे उत्तर. आणि दक्षिण म्हणजे—"

दादांची दक्षिण म्हणजे समुद्र. जन्मभर तसंच होतं. मी छापून सांगितलं होतं, आणि माझं ऐकून तो माणूस सरळ समुद्राकडे चालत गेला होता.

पहिल्या आवृत्तीत ते वाक्य "समुद्राकडे पाठ करून दक्षिणेला चालत राहा" असं होतं. पाचव्या आवृत्तीत पानाखाली साबणाची जाहिरात आली आणि तीन शब्द काढावे लागले. समुद्र उत्तरेला आहे हे कुणाला सांगायला हवं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. लोक हसले होते.

रिक्षावाल्याने आम्हाला मासळीबाजाराच्या अलीकडे सोडलं. "पुढे पाणी आहे, पाक. माझी रिक्षा आहे, होडी नाही."

गल्लीत पाणी घोट्यापर्यंत होतं. दुसऱ्या गल्लीत गुडघ्यापर्यंत. काळं पाणी, आवाज न करता वाढणारं. त्यात चपला, नारळाची करवंटी, एक प्लॅस्टिकची खुर्ची, सगळं शांतपणे आमच्याकडे येत होतं. दारं बंद होती. माणसं वरच्या मजल्यावर गेली होती. आम्ही भिंतीला हात लावत, पाय घासत चाललो. वार्तिनी दर दहा पावलांवर "दादाऽ" अशी हाक मारत होती. प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा लहान.

वळणावर तिने हाक मारलीच नाही. समोर पाण्यावर हिरवा शर्ट होता.

पालथा पडला होता. बाह्या पसरलेल्या. हवा भरून पाठ फुगलेली, आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरत होता.

मी जन्मात इतका भ्यालो नाही. वार्तिनीच्या गळ्यातून जो आवाज आला, तो मी अडतीस वर्षांत ऐकला नव्हता. मी तिला भिंतीशी धरून ठेवलं आणि शर्टाकडे जायला निघालो. शर्टाच्या आत काही आहे का, एवढंच बघायचं होतं, आणि तेवढंच बघवणार नव्हतं.

"त्या बाबाचा आहे तो!" वरून आवाज आला. खिडकीत एक बाई भाताची बशी घेऊन बसली होती. "त्यानेच काढून फेकला. उघडाबंब भिंतीवर चढून बसलाय, त्या टोकाला. मघापासून सांगतेय, बाबा, अंधार पडायच्या आत खाली या, वर घरात बसा. तर म्हणतो, आता खाली येऊन करायचंय काय!"

वार्तिनी आधी रडली, मग बाईला म्हणाली, "बू, देव तुमचं भलं करो," आणि मग मला म्हणाली, "बघत काय बसलात? चला!"

समुद्राच्या भिंतीला लोखंडी शिडी होती. आम्ही चढलो. वर दादा बसले होते. बरगड्या मोजून घ्याव्यात असे. हातात माझी पुस्तिका. पलीकडे समुद्र गल्लीत उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला येऊन भिंतीवर थापा मारत होता. उडालेलं पाणी त्यांच्या पाठीवरून ओघळत होतं. ते समुद्राकडे बघतच नव्हते. ढगांच्या खालून चार दिवसांत पहिल्यांदा सूर्य दिसला होता, लाल, अगदी पाण्याला टेकलेला, आणि दादा त्याच्याकडे बघून थरथरत होते.

"नासिरून," ते म्हणाले, "तू शिकलेला आहेस. सूर्य पूर्वेला मावळताना पाहिलास कधी?"

"दादा, आधी खाली चला."

"पूर्वेला मावळतोय म्हणजे सकाळी पश्चिमेला उगवला. ढगांमुळे कुणाला दिसलं नाही, एवढंच. आमच्या मौलवींनी लहानपणीच सांगितलंय, सूर्य पश्चिमेला उगवला की शेवटचा दिवस. मग तौबा करायलाही वेळ नाही." त्यांनी वार्तिनीचा हात घट्ट धरला. "तू का आलीस, पोरी? घरी बसायचं होतंस."

खाली गल्लीतलं पाणी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर आलं होतं. सूर्य निम्मा उरला होता. तो गेला की दादांना पायरीही दिसणार नव्हती. वार्तिनीने माझ्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच दादांकडे खूण केली.

"दादा," मी म्हणालो, "तुमची उत्तर चुकली आहे."

"काय?"

"उलटी झाली आहे. सूर्य जागेवर आहे. तो पश्चिमेलाच मावळतोय. आमच्याकडे समुद्र उत्तरेला असतो आणि डोंगर दक्षिणेला."

लाटेची एक थाप बसली. आम्ही तिघेही भिजलो.

"आणि मेरापी?"

"मेरापी नव्हता तो."

"तू तर हो म्हणालास."

"म्हणालो."

त्यांनी पुस्तिका मांडीवर ठेवली. मग अगदी हळू विचारलं, "आणि माझा नमाज?"

"फ्रिजकडे झाला, दादा. तीन दिवस."

"तुम्ही बघितलंत?"

"दोघांनीही."

"आणि गप्प बसलात."

"तू मोठा," वार्तिनी म्हणाली आणि तोंड झाकून पुन्हा रडायला लागली.

"मोठा आहे म्हणून बुडवणार होतात काय गं?" दादा ओरडले. जावाच्या त्या भागात ओरडतात हे मला तोवर माहीत नव्हतं. ओरडल्यावर त्यांची थरथर थांबली. त्यांनी समुद्राकडे नीट वळून पाहिलं. "म्हणजे हा दक्षिणेचा समुद्र नव्हे?"

"नव्हे."

"राणीचा नव्हे?"

"अजिबात नाही. हा साधा समुद्र आहे. सरकारी."

"मग माझा शर्ट आण," दादा म्हणाले. "नवा होता."

मी खाली उतरलो. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. शर्ट अजून तिथेच गोल फिरत होता, आणि तो जागचा का हलत नाही हे मला जवळ गेल्यावर कळलं. त्याच्याखाली गटाराचं झाकण नव्हतं. पाणी तिथे गुपचूप वळसा घेऊन आत जात होतं. पाण्यात माणूस उभा मावेल एवढी ती जागा होती, आणि येताना आम्ही दोघं तिच्यापासून वीतभर अंतरावरून आलो होतो. दादा तर एकटे आले होते, मोतीबिंदू घेऊन, हातात पान नऊ उघडं धरून.

मी लांबूनच बाही ओढून शर्ट काढला. तो न पिळताच खांद्यावर टाकला.

दादा शिडीवरून उतरत होते, मागे वार्तिनी. सूर्य गेला होता. दादांनी पाण्यात पाय टाकला, माझ्या आवाजाच्या रोखाने मान वळवली आणि चालू लागले. सरळ त्या जागेकडे.

"दादा, थांबा!" मी खच्चून ओरडलो. थोरल्या मेहुण्यावर. खिडकीतल्या बाईची बशी खाली पडली. "उजवीकडे व्हा! चुकताय तुम्ही! समोर जमीन नाही!"

दादा एका पायावर थांबले. मग तो पाय त्यांनी उजवीकडे टाकला.

"आत्ता कसं," ते म्हणाले. "असंच बोलत राहा. घर येईपर्यंत."